कॅन्सस सिटी: नदीकाठचं मैदान आणि एक फायनल

गुरुवार, २१ नोव्हेंबर २०२४

शिकागोहून कॅन्सस सिटी विमानानं दीड तास. पण माझ्या वडलांना, आप्पांना, रेल्वेनंच जायचं होतं. सहा महिने मुलीकडं राहून झाले, मॉल बघून झाले, मंडळाचा गणपती झाला, आता 'खरी अमेरिका खिडकीतून बघायची' म्हणाले. साउथवेस्ट चीफ ही गाडी दुपारी सुटते आणि रात्री दहाच्या सुमारास कॅन्सस सिटीला सोडते. निघताना शिकागोत ओला बर्फ भुरभुरत होता. इलिनॉय राज्य संपेपर्यंत बाहेर कापणी झालेली मक्याची रानं, मग अंधार. फोर्ट मॅडिसनला मिसिसिपी ओलांडली तेव्हा पुलाच्या लोखंडाशिवाय काही दिसलं नाही. आप्पा नाराज. "एवढी मोठी नदी नि रात्री दाखवालेत व्हय?"

आप्पा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. म्हणजे फुटबॉल आलाच. शाहू स्टेडियमवर केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग सुरू झाली की आमच्या घरी दुपारच्या चहाची वेळ सामन्यावर ठरायची. आमच्या पेठेचा संघ, शिवाजी तरुण, हरला की रात्री कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मला मात्र त्यांनी लहानपणी कधी मैदानावर नेलं नाही; तिथली भाषा पोरीबाळींनी ऐकण्यासारखी नसते, हे कारण. आता मीच त्यांना घेऊन निघाले होते, बायकांच्या लीगची फायनल बघायला: एनडब्ल्यूएसएल, नॅशनल विमेन्स सॉकर लीग. तिकिटं मी आधीच काढून ठेवली होती, तेव्हा मनात होतं की आमचं शिकागो रेड स्टार्स फायनलला जाईल. गेलं नाही. ऑर्लँडो प्राइडनं क्वार्टर फायनललाच ४-१ नं घरी पाठवलं.

डब्यात वेळ होता, म्हणून आप्पांची शिकवणी घेतली. यंदा संघ १४, प्रत्येकाचे सामने २६. तक्त्यात पहिला येतो त्याला शील्ड. मग वरचे आठ संघ बाद फेरीत, आणि तिथं जो जिंकेल तो चॅम्पियन. खालचा संघ खालच्या विभागात जाण्याची भानगड नाही.

"म्हणजे वर्षभर पहिला राहिलेला शेवटी उपाशीच?"

"राहू शकतो. यंदा ऑर्लँडोनं शील्ड घेतलंय. फायनललाही तेच आहेत."

"आणि समोर?"

"वॉशिंग्टन स्पिरिट. तक्त्यात दुसरे."

"मग बरं आहे. पैल्या-दुसऱ्याचीच कुस्ती."

मी त्यांना हेही सांगितलं की अमेरिकेतली ही बायकांची पहिली व्यावसायिक लीग नव्हे, तिसरी. १९९९ चा वर्ल्ड कप जिंकल्याच्या लाटेवर २००१ मध्ये पहिली निघाली, २००३ ला बंद पडली. दुसरी २००९ ला आली, तीन सीझन खेळून संपली. एनडब्ल्यूएसएल २०१३ ला आठ संघांवर सुरू झाली तेव्हा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचे फुटबॉल महासंघ आपापल्या राष्ट्रीय खेळाडूंचे पगार भरत होते, म्हणून तर ती उभी राहिली. तरी बाकीच्या मुलींना किमान पगार होता वर्षाला ६,००० डॉलर.

"महिन्याला?"

"वर्षाला, आप्पा."

त्यांनी रुपयांत हिशेब केला, मग पुन्हा केला आणि गप्प बसले.

स्टेशनवर उतरलो तो युनियन स्टेशनचा हॉल बघून मानच वर गेली. १९१४ ची इमारत, छताला हात पोचेल असं वाटतच नाही, आणि मधोमध टांगलेलं भलंमोठं घड्याळ. हॉटेल जवळच घेतलं होतं. रात्री एवढंच.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सकाळी स्वच्छ ऊन. शहर समजायला सोपं आहे. मुख्य रस्त्यावरून स्ट्रीटकार धावते, आम्ही गेलो तेव्हा युनियन स्टेशनपासून रिव्हर मार्केटपर्यंत होती, आणि ती फुकट आहे. फुकट म्हणजे खरंच फुकट, तिकीट नाही, कार्ड नाही. आप्पा दोनदा उगाचच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बसून आले.

स्टेशनसमोरच्या टेकडीवर पहिल्या महायुद्धाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. आत जाताना काचेच्या पुलावरून जावं लागतं आणि पुलाखाली लाल पॉपीच्या फुलांचं शेत: ९,००० फुलं, एकेक फूल हजार मेलेल्यांमागं. आप्पा पुलावर बराच वेळ थांबले. आमच्याकडं गावोगाव फौजेत गेलेल्यांच्या पाट्या आहेत, त्यामुळं हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. दोन-तीन तास हाताशी ठेवून जा, आणि वर मनोऱ्यावरही चढा, सगळं शहर दिसतं.

*खाण्याबद्दल, कारण मंडळातल्या चौघांनी तरी विचारलंय:* कॅन्सस सिटी म्हणजे बार्बेक्यू. इथला सगळ्यात नावाजलेला पदार्थ 'बर्न्ट एंड्स', म्हणजे बीफची धुरावलेली, कडा करपवलेली टोकं. बीफ, पोर्क खात नसाल तर उपाशी राहाल असं मला वाटलं होतं. तसं नाही. स्टेशनच्या मागं फ्रेट हाऊसमध्ये जॅक स्टॅक आहे, तिथं लँब रिब्ज मिळतात. मंद आचेवर धुरात शिजवलेलं, हाडाला धरून ओढलं की मांस सुटून येतं, वर गोडसर-तिखट सॉस. आप्पांनी पहिला घास घेतला, चावला, डोळे मिटले. मग म्हणाले, "मटण चांगलंय. पण कांदा-लसणाचा पत्ता नाही, आणि रस्सा कुठाय?" तिथल्या पोरीला मी रश्श्याचं भाषांतर करून सांगायच्या फंदात पडले नाही. शाकाहारी मंडळींनी बीन्स, चीजी कॉर्न आणि कोलस्लॉवर दिवस काढायची तयारी ठेवा. बीन्समध्ये मात्र मांस असतं का हे विचारून घ्या, बहुतेक असतंच.

शेजारच्या टेबलावर साठीच्या पुढची एक बाई एकटीच जेवत होती. गळ्यात निळा-हिरवा स्कार्फ. हा रंग इथल्या संघाचा, कॅन्सस सिटी करंटचा, आणि त्या आठवड्यात अख्खं शहर त्याच रंगात होतं. गंमत अशी की करंट फायनलला नव्हतंच. पाच दिवसांपूर्वी सेमीफायनलला ऑर्लँडोनं त्यांना ३-२ हरवलं होतं. म्हणजे फायनल यांच्या अंगणात आणि घरचेच बाहेर.

मी शिकागोची आहे म्हटल्यावर बाई हसली. "तुम्हाला चार, आम्हाला तीन," म्हणाली. "आमचं जरा बरं." मग तिनं खुर्ची आमच्याकडं वळवली आणि तासभर बोलत बसली. हा तास मला फायनलइतकाच लक्षात राहणार आहे.

ती २०१३ पासून बघतेय. तेव्हा इथल्या संघाचं नाव एफसी कॅन्सस सिटी. पहिला सीझन शाळांच्या स्टेडियमवर, राज्याची हद्द ओलांडून पलीकडं कॅन्ससमध्ये. (हे शहर दोन राज्यांत आहे, आणि मोठं कॅन्सस सिटी कॅन्ससमध्ये नाही, मिसूरीत आहे. आप्पांना हे तीनदा सांगितलं, त्यांचा विश्वास बसला नाही.) दुसऱ्या वर्षी विद्यापीठाचं मैदान, तिसऱ्या वर्षापासून सराव-संकुलातलं. कितीतरी मुली कुणा ना कुणाच्या घरी राहायच्या; कुटुंबं एकेक खोली द्यायची. आणि अशा परिस्थितीत या संघानं २०१४ आणि २०१५, लागोपाठ दोन वर्षं चॅम्पियनशिप जिंकली.

"आणि मग?" आप्पांनी मराठीतच विचारलं. तिला कळलं.

मग २०१७ च्या शेवटी संघ बंद. खेळाडू उचलून युटाला नवीन निघालेल्या संघाकडं. तीन वर्षांनी युटाचाही संघ गुंडाळला, आणि खेळाडू परत इथं, कॅन्सस सिटीत, नव्या मालकांकडं. २०२१ ला पुन्हा सुरुवात, पहिलं वर्ष बेसबॉलच्या मैदानावर, नंतरची दोन पुरुषांच्या संघाच्या स्टेडियमवर. यंदा मार्चमध्ये पहिल्यांदा स्वतःचं. (युटाचा संघही यंदा परत आलाय.)

बाई म्हणाली, दोन वेळा चॅम्पियन झालेला संघ रातोरात जातो कसा हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. नवं स्टेडियम बघितल्यावर कळलं. मला वाटतं तिचं बरोबर आहे. भाड्याच्या घरात कितीही चांगला संसार केला तरी घरमालकाच्या मनात आलं की ट्रंका बांधाव्या लागतात. तारखा उरलेल्या मिळणार, गवत दुसऱ्यांच्या सामन्यानं उखडलेलं, खाण्यापिण्याचा आणि पार्किंगचा पैसा मालकाच्या खिशात. आमच्या शिकागोचंही तेच: संघ खेळतो लांब ब्रिजव्ह्यूला, जिथं जायलाच दीड तास. जूनमध्ये एक सामना शहरात रिग्ली फील्डवर ठेवला तर ३५,०३८ लोक आले, लीगचा विक्रम झाला. पुढच्या सामन्याला परत ब्रिजव्ह्यू.

निघताना बाईनं आप्पांना विचारलं, उद्या कुणाच्या बाजूनं? आप्पांनी एक शब्द सांगितला: "मार्टा." बाईनं कपाळावर हात मारला. सेमीफायनलला एकामागून एक डिफेंडर आणि शेवटी गोलकीपरलाही चुकवून यांच्यावर तिसरा गोल ऑर्लँडोच्या या ब्राझिलियन मार्टानंच घातला होता.

शनिवार, २३ नोव्हेंबर

सामना संध्याकाळी सातचा. सकाळी सिटी मार्केटमध्ये रेंगाळलो. मसाल्यांचं एक दुकान बघून आप्पांना बरं वाटलं. चक्क धणे विकत घेतले, का ते विचारू नका.

*जाणाऱ्यांसाठी:* स्टेडियमला पार्किंग कमी आणि महाग आहे. स्ट्रीटकारनं रिव्हर मार्केटला उतरा आणि नदीकडं चालत जा, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पारदर्शक पिशवीच आत सोडतात. बाहेरचं खाणं नेता येत नाही, त्यामुळं चिवड्याचा डबा हॉटेलवरच. आत नोटा चालत नाहीत, कार्ड ठेवा. आणि दुपारच्या उन्हाला भुलू नका. सूर्य गेला की नदीवरून वारा येतो. कानटोपी, हातमोजे, आत थर्मल, सगळं लागलं.

सीपीकेसी स्टेडियम दिसायला लहान आहे. ११,५०० खुर्च्या. नाव एका रेल्वे कंपनीचं, त्यामुळं आप्पा आधीच खूश. व्यावसायिक महिला संघासाठी म्हणून मुद्दाम बांधलेलं जगातलं हे पहिलं स्टेडियम, असं सगळे सांगतात. आत गेल्यावर त्याचा अर्थ कळतो. कुठंही बसा, मैदान पायाशी आहे. मोठ्या स्टेडियमवर बायकांचे सामने होतात तेव्हा वरचे मजले ताडपत्रीनं झाकलेले असतात आणि आवाज वर जाऊन विरतो; इथं आवाज कोंडून राहतो. एका बाजूला मिसूरी नदी, वर रोषणाई केलेला बॉण्ड पूल. आप्पांनी जागेवर बसण्याआधी खाली कठड्यापर्यंत जाऊन गवत बघितलं. "खरं आहे," परत येऊन जाहीर केलं.

प्रेक्षकांत जांभळे ऑर्लँडोचे, काळे-पिवळे वॉशिंग्टनचे, आणि या दोघांहून जास्त निळे-हिरवे, ज्यांचा संघच नव्हता. आमच्या मागं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींचा अख्खा संघ बसला होता, पाठीवर चाविंगाचं नाव. टेम्वा चाविंगा, मलावीची, करंटची स्ट्रायकर. यंदा २० गोल करून एका सीझनचा विक्रम तिनं केला. आणि मैदानात होती ऑर्लँडोकडून खेळणारी झांबियाची बार्ब्रा बांडा. या सीझनचा सगळा बोलबाला आफ्रिकेतल्या या दोघींचा.

मार्टा सरावाला आली तेव्हा सगळे उभे राहिले, करंटवालेही. वय ३८. आप्पांना ती टीव्हीवरून माहीत. पण ती अमेरिकेत २००९ पासून येऊन-जाऊन आहे हे मी सांगितलं. मागच्या, बंद पडलेल्या लीगमध्ये ती लॉस एंजेलिसला खेळली, एका सीझननंतर तो संघ बुडाला. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्याच दुसऱ्या संघाकडून विजेतेपद जिंकलं, तो संघ जिंकल्यावर बुडाला. मग न्यूयॉर्क राज्यातल्या संघाकडून परत विजेतेपद, आणि त्यानंतर अख्खी लीगच बुडाली. ऑर्लँडोला २०१७ पासून आहे, पण ही लीग तिनं अजून जिंकली नव्हती.

"पनवती म्हणायची की काय हिला," आप्पा म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

पहिला अर्धा तास वॉशिंग्टननं चेंडू ठेवला. बास्केटबॉलवाल्या डेनिस रॉडमनची मुलगी ट्रिनिटी रॉडमन त्यांची खरी ताकद. पाठ दुखत असूनही खेळत होती. त्यांची दुसरी हुकमी पोरगी क्रॉय बेथून मात्र नव्हती. नवख्यांत सर्वोत्तम ठरलेली ही मुलगी एका बेसबॉल सामन्याआधी मानाचा पहिला चेंडू टाकायला गेली आणि गुडघा दुखावून सीझनला मुकली. हे ऐकून आप्पांना सत्काराला नेलेल्या सगळ्या खेळाडूंची काळजी वाटायला लागली.

३७ व्या मिनिटाला अँजेलिनाकडून बांडाला चेंडू आला. उजव्या अंगानं ती आत वळली, समोरच्या डिफेंडरला एका झोक्यात चुकवलं आणि फटका. आम्ही त्याच गोलच्या कोपऱ्याला होतो. जाळं हललेलं आधी दिसलं, आवाज नंतर आला. मागच्या मुली, ज्यांना ऑर्लँडोचा राग होता, त्याही किंचाळल्या. आप्पा उभे राहून दोन्ही हात वर करून "नाद खुळा!" ओरडले. शेजारच्या जांभळ्या टोपीवाल्या माणसानं तेच त्याला जमेल तसं परत ओरडून दाखवलं. पुढं सामनाभर दोघांचं ते चालू राहिलं.

मध्यंतराला हॉट चॉकलेटची रांग एवढी लांब की मी अर्ध्यातून परतले.

दुसरा अर्धा भाग सगळा वॉशिंग्टनचा. लाटेवर लाट. ऑर्लँडो मागं सरकलं, सरकतच गेलं. गोलकीपर अॅना मूरहाउसनं या सीझनला १३ सामन्यांत एकही गोल खाल्ला नव्हता, तोही विक्रमच. तो का, ते आता दिसत होतं. कॉर्नरला ती बाहेर यायची तेव्हा आपल्याच दोन मुलींना बाजूला सारून यायची. आप्पा सामना बघत नव्हते, फक्त तिला बघत होते. "बघ, पाय कसं टाकालीया. चेंडू यायच्या आधी एक पाऊल. हे शिकवून येत नाही." थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता: "तुलाबी आणायला पाहिजे होतं ग्राउंडवर. शिव्या काय, पोरं घरात पण देतातच की."

मी काही बोलले नाही. जादा वेळेचा फलक वर गेला होता.

१-० वर संपलं. मार्टा गुडघ्यांवर बसली आणि तिच्यावर बाकीच्या येऊन पडल्या. ऑर्लँडोचं हे पहिलं विजेतेपद, शील्डसकट. प्रशिक्षक सेब हाइन्स बाजूला उभा राहून आधी समोरच्या प्रशिक्षकाला भेटला, मग धावला. बांडाला सामन्याची सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलं.

बाहेर पडताना गर्दी शांतपणे नदीकाठानं चालत होती, धक्काबुक्की नाही, हॉर्न नाही. आप्पांना हे पटलं नाही. "फायनल जिंकून एवढी शांतता? आमच्याकडं असती तर पहाटेपर्यंत गुलाल." ऑर्लँडोचे लोक कमी होते हे खरं कारण, पण ढोल पाहिजेच होते, हे मलाही मान्य.

रविवार, २४ नोव्हेंबर

परतीची गाडी सकाळी लवकर, साडेसातच्या आसपास. या बाजूनं येताना मिसिसिपी उजेडात लागते, त्यामुळं एकच फेरी रेल्वेनं करणार असाल तर शिकागोला येतानाची करा. गाडीतला वरच्या काचांचा डबा सगळ्यांसाठी खुला असतो, पण फोर्ट मॅडिसनच्या आधी अर्धा तास जागा धरून ठेवा. नदी रुंद, करडी, संथ. आप्पांनी व्हिडिओ काढला, त्यात निम्मा वेळ त्यांचा अंगठा.

डब्यात ऑर्लँडोची जर्सी घातलेली एक आई आणि तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. मुलीला पुढं काय व्हायचंय हे आम्ही विचारलं नाही, तिनंच सांगितलं: गोलकीपर. आप्पांनी तिला पाऊल कसं टाकायचं ते गाडीच्या बोळात उभं राहून करून दाखवलं. आई भाषांतराची वाट बघत माझ्याकडं बघत होती. गरज पडली नाही.

मी पगाराची पुढची गोष्ट तेव्हा त्यांना सांगितली. २०२१ मध्ये प्रशिक्षकांनी खेळाडूंचा छळ केल्याची प्रकरणं बाहेर आली, मुलींनी सामने सहाव्या मिनिटाला थांबवून मधल्या वर्तुळात हात धरून उभं राहायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी सॅली येट्स यांचा चौकशी अहवाल आला, मालक बदलले. तेव्हापासून खेळाडूंची संघटना जोरात आहे. यंदा ऑगस्टमध्ये झालेल्या करारात त्यांनी ड्राफ्टच रद्द करून घेतला: कॉलेजातून आलेल्या मुलीला कुठला संघ घेणार हे आता संघ ठरवणार नाहीत, ती ठरवणार. आणि किमान पगार पुढच्या वर्षापासून ४८,५०० डॉलर.

आप्पांनी पुन्हा हिशेब केला. या वेळी मान हलवली. "आता घरभाडं तरी निघेल."

*सामना बघायला जायचं असेल तर:* सीझन मार्चमध्ये सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत चालतो. कॅन्सस सिटीत सीझन तिकिटंच एवढी गेलेली असतात की सुटं तिकीट आयत्या वेळी मिळत नाही. वेळापत्रक लागलं की लगेच काढा. एप्रिल-मे उत्तम, जुलै-ऑगस्टला घाम निघतो. आमचं शिकागो २०२५ पासून रेड स्टार्स नसून नुसतं 'स्टार्स', त्या वर्षी मैदान मात्र ब्रिजव्ह्यूच होतं. तिकिटं तिथं सहज मिळायची. 

आप्पा आता डिसेंबरमध्ये परत जातील, केएसएच्या सामन्यांना. घरी पोचल्यापासून रोज रात्री कोल्हापूरच्या मित्राशी फोनवर एकच वाद चालू आहे. मित्रानं गोल मोबाइलवर बघितला, त्याच्या मते बांडाच भारी. आप्पांचं म्हणणं, गोल काय, कुणीबी मारतंय. सामना मूरहाउसनं काढला, बक्षीस चुकीच्या पोरीला दिलं. काल यावरून फोन ठेवून दिला. आज परत लावलाय.